मिठागरावर पळणारी बाई

"पळून माणूस बारीक होतो का हो बाई?" शाळेतल्या नव्या शिक्षिका मला अजून विचारतात. मी हो म्हणते, आणि मग त्यांना जरा बसवून घेते. नुसतं हो म्हणून सोडलं तर ते अर्धं उत्तर होतं, आणि अर्ध्या उत्तरानं माझी काय गत झाली ते मला ठाऊक आहे. ज्यांच्या शरीरात असं काही सुरू झालंय आणि ज्यांना ते अजून कळलेलं नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही. माझ्यावर काय गुजरलं तेवढं सांगते.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही मुलुंड पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत राहायचो. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे. नवरा, मधुकर, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. घरात सासू-सासरे आणि आमची पाच वर्षांची सुजाता. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, सासऱ्यांना मामा. मूळची आम्ही साताऱ्याकडची माणसं. मामांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, गंडे, ताईत सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडलं होतं, आणि त्यातलं काही मागच्या दारानं परत येत नाही ना, यावर त्यांची बारीक नजर असायची.

कॉलनीच्या मागे मिठागरं सुरू व्हायची. खाडीपर्यंत नुसते बांध आणि चौकोनी वाफे, वाफ्यांत स्थिर पाणी, आणि हंगामात कडेकडेनं मिठाचे पांढरे ढीग. थंडीत पहाटे त्यावर धुकं उतरलं की ढीग तेवढे दिसायचे, जमीन दिसायची नाही.

कुणी मागे लागलेलं नसताना

वरच्या मजल्यावरच्या कमलताई रेशन ऑफिसात होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगानं भरपूर, रक्तात साखर. डॉक्टरांनी त्यांना चाला म्हणून सांगितलेलं. त्यांच्या साहेबानं त्यांना एका इंग्रजी पेपरातला लेख वाचून दाखवला, त्यात जॉगिंग हा शब्द होता. आम्हाला दोघींनाही तो नवीन.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"पळायचं. पण कुणी मागे लागलेलं नाही असं पळायचं," कमलताई म्हणाल्या. "तूही चल गं इंदू. सुजाता झाल्यापासून तुझी काय बरणी झालीय बघ."

खरंच झाली होती. दिवाळी झाल्यावर आम्ही सुरुवात केली. त्या साडीचा काचा मारायच्या. मी मधुकरचा जुना पांढरा शर्ट आणि पायजमा घालायचे, पायात कॅनव्हासचे बूट. उजाडायच्या आत जायचं आणि माणसं उठायच्या आत परत यायचं, कारण बायकांनी पळणं तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. पहिले काही आठवडे आम्ही हसण्यातच दमायचो. तिसऱ्या बांधापर्यंत जायचं, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, धापा टाकायच्या, परत यायचं. गुडघे दुखायचे. भूक लागायची. झोप अशी यायची की आत्या म्हणायच्या, "मेल्यागत पडतीस की."

ते सगळं चांगलं होतं. ते दिवस मी वेगळे काढून ठेवलेत.

अंगात आलेलं बळ

नक्की कधी बदललं ते मला सांगता येत नाही. एके दिवशी लक्षात आलं की कमलताई फार मागे राहिल्यात आणि मला थांबावंसं वाटत नाहीये. दुसऱ्या दिवशीही तेच. पाय आपोआप पडायचे. परत आल्यावर मी धुणं धुवायचे, भाकऱ्या थापायचे, शाळेत दिवसभर उभी राहायचे, आणि संध्याकाळी पुन्हा वाटायचं, जरा जाऊन यावं.

महिन्याभरात ब्लाउज सैल झाले. मग पुन्हा शिवायला टाकावे लागले. स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर मी चढले की रंगीत दिवे फिरायचे, खटकन तिकीट पडायचं आणि आकडा मागच्यापेक्षा खाली. तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असायचं. ते कायम चांगलंच असायचं.

"झकास!" मधुकर म्हणायचा. "लग्नात होतीस तशी दिसायला लागलीस." वर्कशॉपमध्ये त्यानं सगळ्यांना सांगितलं. त्याचे दोन मित्र पळायला लागले. स्टाफरूममध्ये बाया विचारायच्या, काय खातेस? मी सगळंच खात होते. सहा-सहा भाकऱ्या. आत्यांना आधी बरं वाटायचं, सून खातेय. मग एकदा परातीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "पोट हाय का हीर गं तुझं?"

कडाक्याची थंडी होती आणि मला उकडत होतं. मी फरशीवर झोपायचे, फरशी तापली की सरकून थंड जागा शोधायचे. म्हणजे झोप नव्हतीच, नुसतं पडून राहणं. एकदा मधुकर अंथरुणात दचकून म्हणाला, "मालगाडी चाललीय वाटतं." मी त्या रात्री पलंगावर होते, आणि पलंग हलत होता. गाडी नव्हती. माझं काळीज वाजत होतं, त्यानं पलंग हलत होता. मी त्याला म्हटलं, हो, मालगाडीच.

शाळेत फळ्यावर लिहिताना पोरं हसायला लागली. "बाई, तुमचं अक्षर नाचतंय."

आणि सुजाता माझ्याजवळ झोपेना. आधी तिनं सांगितलं नाही. नुसती उशी घेऊन आत्यांकडे जायची. मी एकदा तिला ओढून कुशीत घेतलं तर ती ताठ झाली, लाकडासारखी. आत्यांनी समजूत घालून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई डोळे मिटत नाही. झोपली तरी बघते."

मी आरशात पाहिलं. डोळे मोठे वाटले, पण बारीक झाल्यावर वाटतातच. मी तसंच समजले.

दुधाच्या केंद्रावर

सकाळी दुधाच्या केंद्रावर रिकाम्या बाटल्या घेऊन रांग लागायची. पळून आले की कपडे बदलून मीच जायचे. तिथं एकदा पुढच्या बायकांचं बोलणं कानावर आलं.

"मीठवाल्यांनी पाहिली म्हणे. दोनदा."

"कोण?"

"बाईच. पांढरी. बांधावरनं पळते. केस मोकळे. डोळे असे बाहेर, सगळा पांढरा भाग दिसतो म्हणे चहूबाजूंनी. आणि थांबत नाही. माणूस कुठंतरी थांबेल ना? ती धुक्यात जाते ती जातेच."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. रोज पहाटे तिथं आपण जातो, एकट्या जातो, आणि तिथं हे! कमलताईंना माझा वेग झेपत नव्हता आणि मला त्यांचा, म्हणून तोवर मी त्यांच्या आधीच, अंधारात, एकटी जायला लागले होते. वाचणाऱ्याला आता हसू येत असेल. पण हडळ म्हटल्यावर आपण स्वतःचा चेहरा डोळ्यांपुढे आणत नाही.

मी कमलताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी नाही बाई जायची तिकडे. मी आपली रस्त्यानं स्टेशनपर्यंत." मलाही त्यांनी बजावलं. दोन दिवस मी गेले नाही. घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरत राहिले, भांडी हातातून पडायला लागली. तिसऱ्या दिवशी पाय मला घेऊन गेले, असंच म्हणावं लागेल.

धुकं जाड होतं. मी पळत होते आणि कान मागे होते. थोड्या वेळानं मला पावलं ऐकू आली. माझ्या पावलांत मिसळलेली, पण माझी नव्हेत, फार जलद. मी वेग वाढवला, ती वाढली. मी थांबले. ती थांबली नाहीत. धप धप धप धप चालूच, अगदी कानामागे. मी वळून पाहिलं, कुणी नाही. मग खाली पाहिलं. बांधाखालच्या वाफ्यात पाण्यावर एक पांढरी बाई माझ्याकडे बघत होती. केस सुटलेले, गाल आत गेलेले, आणि डोळे त्या बायकांनी सांगितले तस्से.

मी पळत सुटले, आणि ती वाफ्या-वाफ्यातून माझ्याबरोबर घरापर्यंत आली.

घरी येऊन मी म्हणाले, "मी तिला पाहिलं."

आत्यांनी मीठ-मोहरी हातात घेतली. मामा आंघोळीहून येत होते. त्यांनी ती मूठ पाहिली.

"काय चाललंय? कशासाठी सोडलं आपण हे सगळं?"

"पोरगी वाळत चाललीय, दिसत नाही तुम्हाला?" आत्या रडत म्हणाल्या. "तिला लागलंय काहीतरी. लेकरू तिच्याजवळ जाईना!"

"लागलं असेल तर डॉक्टरला दाखवा!"

"आजारी माणूस पळतंय होय असं?"

तीच तर अडचण होती. आजारी माणूस अंथरूण धरतो. मी घरात सगळ्यांत जास्त काम करत होते.

"बूट काढ"

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मला मीठवाले भेटले. भेटले म्हणजे माझी वाट बघत होते. धुकं नव्हतं, फटफटलं होतं. बांधाच्या तोंडाशी तिघे-चौघे आगरी बाप्ये, हातात मीठ ओढायचे लांब दांडे. भीती होती तरी पाय घरात राहीनात, मी आपली पळत येतेय. त्यांच्यातला म्हातारा पुढे झाला आणि त्यानं दांडा आडवा धरला.

"बाय, तू मानूस हाईस ना?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

"बूट काढ," तो म्हणाला. "पाय दाव."

हडळीचे पाय उलटे असतात. बुटांमुळे त्यांना माझे पाय कधी दिसले नव्हते. त्या क्षणी सगळं माझ्या डोक्यात एकदम बसलं: पांढरा पायजमा, सुटलेले केस, दुधाच्या केंद्रावरचं बोलणं, वाफ्यातली बाई. मी बांधावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बोटं इतकी कापत होती की गाठ सुटेना. कुणी मदतीला पुढे आलं नाही. शेवटी बूट निघाले. मी पाय पुढे केले, पोरं नखं तपासून घेतात तसे.

सगळे माझ्या पायांकडे बघत राहिले. मग म्हातारा म्हणाला, "मानूस हाय," आणि मी हसायला लागले. हसता हसता काळीज भलतंच सुटलं. नीट ठोके पडेचनात, पोत्यात पाखरू कोंडावं तसं फडफडायला लागलं. आभाळ गोल फिरलं, आणि पुढचं आठवतं ते एवढंच, की ज्या माणसांना मी भूत वाटत होते त्यांनीच मला दोन दांड्यांमध्ये घोंगडी घालून घरी आणलं.

कागद

कॉलनीजवळच डॉक्टर सावेबाईंचा दवाखाना होता. मधुकर कामावर गेला नाही. मी खुर्चीत बसले, तो भिंतीला टेकून उभा. बाईंनी नाडी धरून घड्याळाकडे पाहिलं. मग मला घोटभर पाणी गिळायला सांगितलं आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात पुढे करा. बोटं पसरा." आणि टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्यांनी माझ्या पसरलेल्या बोटांवर अलगद ठेवला.

कागद फडफडायला लागला.

मी वर पाहिलं. पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती. खोलीत सगळं स्थिर होतं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा, आणि माझ्या हातावर तो कागद वाऱ्यात धरल्यासारखा थरथरत होता. मधुकरनं तोंड फिरवलं.

"पळून बारीक झालात असं कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांनीच," मी म्हटलं.

गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड, ती बेफाम झालीय, एवढं त्यांनी सांगितलं. शरीराचा सगळा कारखाना ती दुप्पट वेगानं चालवतेय. बळ आल्यासारखं वाटतं, ते बळ नव्हे. चरबी संपली की ती मांस खाईल, मग हृदयाला धरेल. "तुम्ही पळत नव्हतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पळवलं जात होतं."

ती सुजून गाठ झालीय, असंही त्या म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकून मला माझी मावशी आठवली. ती गाठीनंच गेली होती. मी विचारायचं ते विचारलं. त्या म्हणाल्या, तसलं नसावं, पण मोठ्या इस्पितळात दाखवून खात्री करू. त्या "नसावं"वर आम्ही तीन आठवडे काढले. वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता त्या आठवड्यांत असेल तर त्यांना एवढंच सांगते, की त्या काळात जेवा. मी जेवत होते ते आजारामुळे. मधुकरचा घास मात्र घशाखाली उतरत नव्हता.

"मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो," तो एकदा म्हणाला. "बायको बघा कशी फिट आहे म्हणून."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

गळ्याशी मोहरी

शहरातल्या मोठ्या इस्पितळात आधी गोळ्या झाल्या. काही महिने गेले, काळीज जरा ताळ्यावर आलं. गाठ तसली नव्हती. पण गोळ्यांनी ती ग्रंथी पुरती दबेना, म्हणून एक औषध प्यायला देऊ म्हणाले. ते किरणोत्सर्गी होतं. माझी समजूत अशी की किरण म्हणजे काहीतरी चमकेल.

तळघरातली खोली होती. दार जाड, शिशाचं. एक तरुण डॉक्टर रबरी हातमोजे घालून आला, लांब चिमट्यात एक छोटा ग्लास धरून. त्यात नळी होती. ग्लास माझ्यापुढे ठेवून तो मागे सरकला, पार भिंतीपर्यंत.

"एका दमात ओढा."

मी ओढलं. चव नव्हती, वास नव्हता, रंग नव्हता. पाणी. जन्मात मला कुठल्या वस्तूची इतकी भीती वाटली नाही. निदान कडू असतं तर काहीतरी पोटात गेल्यासारखं वाटलं असतं.

"तुम्ही एवढे लांब का?" मी विचारलं.

"आम्ही इथे रोज असतो. तुम्ही एकदाच," तो म्हणाला. त्या खोलीत मला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर.

दुसऱ्या दिवसापासून एक यंत्र घेऊन यायचे. दाराशी असताना ते अधूनमधून टक, टक वाजायचं. माझ्या जवळ आणलं की आवाज वाढायचा, आणि गळ्याशी धरलं की मोहरी तडतडावी तसं फुटायला लागायचं. बाकी अंगावर फिरवलं तर गप्प. गळ्याशी पुन्हा तडतड. माझ्या आत काहीतरी आहे, ते मला दिसत नाही, कळत नाही, आणि त्या लोखंडी डब्याला कळतंय.

मला काही दिवस एकटीला ठेवलं. जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून आया बाजूला व्हायच्या. आधीच लोक मला बघून दचकत होते, इथं तर नियमच होता दचकायचा. फक्त एक होत्या, सखूबाई म्हणून. त्या ताट ठेवून जायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर आखलेल्या रेघेपलीकडे भिंतीला टेकून बसायच्या, पान जमवायच्या आणि सुनेच्या तक्रारी सांगायच्या. "हात लावायची बंदी हाय, बोलायची कुठं हाय?" म्हणायच्या. त्यांच्या सुनेला मी कधी पाहिलं नाही, पण तिच्या सगळ्या खोड्या मला अजून पाठ आहेत. इस्पितळात कुणाला भेटायला गेलात तर तब्येतीची चौकशी एकदाच करा, मग तुमच्या घरातली भांडणं सांगा. त्यानं फार बरं वाटतं.

खडूची रेघ

घरी सोडताना सांगितलं, काही दिवस मुलीला जवळ घ्यायचं नाही, वेगळं झोपायचं. आणि निदान वर्षभर दुसरं मूल नको. हे दुसरं ऐकल्यावर आत्यांचा चेहरा पडला. नातवासाठी त्या वर्षं मोजत होत्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, मधुकर त्यांच्याशी बोलला नाही, आणि मामा सगळ्यांवर ओरडले. आजार एकाच्या अंगात असतो, पण राहतो सगळ्या घरात.

मामांनी माझ्याच खडूनं खोलीत फरशीवर रेघ मारली. खिडकीच्या बाजूला मी, इकडे बाकीचे. सुजाता रेघेच्या काठावर येऊन बसली. महिनोन्महिने ती माझ्याजवळ येत नव्हती. आता तिला यायचं होतं आणि मी नको म्हणत होते.

"आता तू डोळे मिटतेस?" तिनं विचारलं.

"मिटून दाखवू?"

मी मिटले. पूर्ण मिटत नव्हतेच अजून, खाली फट राहायची, अजूनही थोडी राहते. मग मला फरशीवर घासल्याचा आवाज आला. तिनं आपली उशी रेघेला चिकटवली होती आणि तिकडेच झोपली होती, माझ्याकडे तोंड करून. बंदी उठली त्या दिवशी ती रेघ मी पुसली नाही. ती पायांनी हळूहळू पुसत गेली.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. आत्यांचा राग निवळल्यावर एकदा गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बरं झालं तू इस्पितळात हुतीस. लोकांच्या तोंडाला कुलूप लागलं."

"म्हणजे?"

"त्या दिवसांत बी दिसली की ती. मीठवाल्यांना. बांधावरनं पळताना. मी म्हटलं सगळ्यांना, बघा, आमची इंदू तिकडं कुलपात हाय."

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "अफवा एकदा उठली की तिला पाय लागतात. मग ती माणसाशिवाय पळते." मला ते पटलं. अजूनही पटतं. फक्त त्यांनी कोणत्या दिवशी पाहिली ते मी आत्यांना विचारलं नाही. त्या तळघरात मला एकदा ताप चढला होता आणि मी दिवसभर पाय झाडत होते, असं सखूबाईंनी मला सांगितलं होतं. का झाडत होते ते मला आठवत नाही.

दम

पुढे त्या औषधानं ग्रंथी इतकी थंड केली की उलटी तऱ्हा झाली. अंग फुगलं, थंडी वाजायला लागली, बोलणं जड झालं. आता त्यासाठी रोज एक गोळी घेते, जन्मभर घ्यायची. वजन सगळं परत आलं, वर थोडं व्याजही आलं. दुधाच्या रांगेतल्या त्याच बायका हळहळल्या: "पळणं सोडलंत का हो? किती छान झाला होतात!" मरायला टेकले होते तेव्हा मी छान होते.

आणि कमलताई? त्यांचं वजन त्या सगळ्या काळात दोन-चार किलो इकडेतिकडे. कुणी त्यांना झकास म्हटलं नाही. पण त्या रोज स्टेशनपर्यंत पळत होत्या, म्हणजे चालण्याहून जरा जोरात, घामाघूम होऊन. त्यांची साखर उतरली. जिने चढताना पूर्वी दोनदा थांबायच्या, आता थांबत नाहीत. आमच्या कॉलनीत जॉगिंगनं खरोखर कुणी तब्येत कमावली असेल तर ती त्यांनी.

सावेबाईंनी वर्षभरानं मला परवानगी दिली. म्हणाल्या, "पळा. पळणं चांगलंच आहे. पण वजनकाट्याला विचारू नका. दम लागतो का बघा, आणि लागलेला दम जातो का बघा. दोन्ही झालं पाहिजे." माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच शहाणपण आहे आणि तेही उसनं. पळून बारीक झालात तर चांगलं. पण काही न करता झालात, खाऊन झालात, थंडीत उकडायला लागलं, हात कापायला लागले, दमणंच बंद झालं, तर कुणी कितीही कौतुक करो, डॉक्टरपुढे हात पसरून बसा.

मी म्हटलं, जाईन तर मिठागरावरच. कमलताईंना ते पसंत नव्हतं, पण मला एकटीला सोडायचंही नव्हतं, म्हणून आल्या. मी साडीचा काचा मारला होता आणि केस घट्ट बांधले होते. पहाट होती, धुकं होतं, ढीग तेवढे दिसत होते. खरं सांगायचं तर मी भ्याले होते. बांधाकडे पाऊल टाकताना वाटत होतं, पाय पुन्हा सुटले आणि थांबलेच नाहीत तर? आणि त्या धुक्यात पुढे कुणी असलं तर?

आम्ही हळूहळू पळायला लागलो. एक बांध झाला. मी खाली पाण्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते. समोर कुणी नव्हतं, किंवा मला दिसलं नाही. दुसऱ्या बांधाच्या निम्म्यावर पोटऱ्या भरून आल्या. छाती भात्यासारखी चालायला लागली, कुशीत चमक भरली, घाम डोळ्यांत गेला. पाय जड झाले, पुढे टाकवेनात.

"कमलताई, थांबा," मी म्हटलं. "दमले मी."

त्यांनी वळून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"दमले."

"मग बस ना गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या आधी स्वतःच बांधावर बसल्या. मी त्यांच्या शेजारी टेकले. आम्ही दोघी धापा टाकत होतो. थोड्या वेळानं त्यांची धाप कमी झाली. मग माझीही झाली.